तिरके ठिपके आणि दादाचा अबोला

तीर्थरूप वहिनींना,

धाकट्या दिराचा नमस्कार, तोही पांढऱ्या रंगाने बरबटलेले दोन्ही हात जोडून. (कागदाच्या कोपऱ्यावर जो अंगठा उमटलाय तो त्यातलाच. पुसायला गेलो तर आणखी पसरला, म्हणून पुढे हात लावला नाही.)

तुमच्या बहिणीचा पाय कसा आहे? प्लास्टर निघालं की अजून आहे? त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि एवढंही सांगा की जिना उतरताना माणसाने फोनवर बोलू नये, आणि बोललंच तर निदान भांडू नये. तुमची पाठ कशी आहे? तिथे उशी मनासारखी मिळाली का? इथलं सगळं झकास. कुंड्यांना मी न चुकता पाणी घालतो. एक कुंडी सुकली, पण ती तुम्ही जाण्याआधीच मनाने खचलेली होती. भांडी घासून जागच्या जागी आहेत; जे एक पातेलं दिसणार नाही त्याबद्दल विचारू नका. दादाची तब्येतही उत्तम आहे. वेळेवर उठतो, पोटभर जेवतो, पट्ट्याचं एक भोक पुढे सरकलंय. फक्त तो माझ्याशी बोलत नव्हता. तुम्ही फोनवर ‘काय विशेष?’ विचारायचात आणि तो ‘काही नाही’ म्हणायचा, तेव्हा ते ‘काही नाही’ त्याच खोलीत त्याच्याकडे पाठ करून बसलेलं असायचं. म्हणून तर हे पत्र. फोन हातात घेतला की दादा कान टवकारतो, आणि यातलं बरंचसं त्याच्यासमोर सांगण्यासारखं नाही.

तर वहिनी, हातातलं काम बाजूला ठेवा. आपल्या घरात एक अक्षर जन्माला आलंय! एक म्हणजे एकच नव्हे, अख्खी वर्णमाला. ठिपक्यांची, उजवीकडे झुकलेली, वाऱ्यावर निघाल्यासारखी. आणि गेले सगळे दिवस घरात एकाच गोष्टीवरून रण माजलं होतं, की हे अक्षर दुकानात राहणार, की मी पुन्हा जन्मभर दादाच्या अक्षरांसाठी कागदाला भोकं पाडत बसणार. कालच त्याचा निकाल लागला. पण निकाल लगेच सांगणार नाही. इतकं सोसलंय, तर ते आधी ऐकून घ्यावं लागेल.

आपल्या कामाची रीत तुम्हाला पाठ आहे, पण तुम्ही हे पत्र बहिणीला वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे, म्हणून त्यांच्यासाठी सांगतो. दादा आधी खाकी कागदावर अक्षर आखतो. मी त्या रेघांवरून दातेरी चाक फिरवतो, म्हणजे रेघेभर बारीक भोकं पडतात. मग तो कागद पाटीवर पसरायचा आणि खडूच्या पुडीची पुरचुंडी त्यावर थोपटत जायची. कागद उचलला की पाटीवर ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षर उतरलेलं असतं. मग दादा ब्रश घेतो आणि ते ठिपके रंगाखाली गाडून टाकतो. लोक दादाच्या भरीव, टणक, भिंतीसारख्या उभ्या अक्षरांची तारीफ करतात. खालच्या ठिपक्यांना कोण विचारतो? माझी आजवरची सगळी कमाई अशी रंगाखाली गेलेली आहे. मी तक्रार करत नाही. (करतोय. पण तुमच्याकडे नाही करायची तर कोणाकडे?)

त्या दिवशी लाँड्रीवाल्याची पाटी होती, गडद निळी. दादा दाढ काढायला गेला होता आणि जाताना बजावून गेला होता की ठिपके पाडून ठेव, आल्यावर भरतो. उकाडा मरणाचा, म्हणून मी टेबलावरचा पंखा उजव्या अंगाला लावला. पाटी आडवी ठेवली, कागद पसरला, आणि चिकटपट्टी एकाच कोपऱ्याला लावली. (बाकीचे तीन कोपरे मी धरणार होतो. मला हात दोनच आहेत हे नंतर लक्षात आलं.) मी वरच्या ओळीपासून थोपटत खाली येत होतो आणि पंख्याच्या वाऱ्याने कागद केसाकेसाने डावीकडे सरकत होता. म्हणजे अक्षराचं डोकं जिथल्या तिथे, कंबर जरा डावीकडे आणि पाय त्याहून डावीकडे. कागद उचलला आणि माझे डोळे पांढरे झाले. सगळी ‘लाँड्री’ उजवीकडे कलली होती, जणू तिची गाडी सुटत होती. ओलं फडकं आणून पुसणार, तेवढ्यात सहज दोन पावलं मागे सरलो, आणि वहिनी, काय सांगू! अंगावर काटा आला. निळ्या रंगावर पांढरे ठिपके, सगळे एका दिशेने झुकलेले, आणि मधल्या मोकळ्या जागेतून वारा वाहतोय असं वाटावं. दोरीवरचे कपडे फडफडतात ना, तसं. माझ्या हातून आजवर इतकं देखणं काही घडलं नव्हतं, आणि तेही चुकून घडलं होतं.

त्याच वेळी लाँड्रीवाला पाटी झाली का बघायला आला. तो दारातच थांबला, मान तिरकी केली आणि म्हणाला, “हा तर साबणाचा फेस! बोट लावू नका याला.” मग काय, मला कोणीतरी उत्तेजन द्यायचाच अवकाश होता. पेन्सिलीच्या मागचं रबर पांढऱ्या रंगात बुडवून एकेका खडूच्या ठिपक्यावर टेकवत गेलो. रंग वाळायच्या आत लाँड्रीवाला पाटी डोक्यावर घेऊन गेलासुद्धा. दादा परतला तेव्हा त्याच्या तोंडात कापसाचा बोळा होता. त्याने रिकामं टेबल पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काहीच बोलला नाही. मला वाटलं दाढेमुळे असेल. पण भोक भरून आलं, कापूस गेला, तोंडाची सूज उतरली, तरी दादाचं तोंड काही उघडेना. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

म्हणजे अगदी बोलतच नव्हता असं नाही. तो शिडीशी बोलायचा. आपली रंगाने माखलेली लाकडी शिडी, जी दुकानाच्या भिंतीला टेकून असते, तिला दादाने मध्यस्थ नेमलं. ‘शिडी, याला सांग जेवायला चल.’ ‘शिडी, लाँड्रीसमोरून येताना मान खाली घालून यावं लागतं मला. अर्धवट पाटी लागलीय आपल्या नावाने.’ सुरुवातीला मला हसू यायचं. मग एकदा मीही शिडीला म्हणालो की याला सांग, भाजीत मीठ जास्त झालंय. तर दादा म्हणाला, “शिडी, तू त्याचं ऐकू नकोस.” त्या दिवसापासून शिडीसुद्धा त्याच्याच पक्षात गेली.

पण मी ऐकतोय थोडाच! माझ्या डोक्यात ठिपके शिरले होते. रोज दुकान बंद झालं की एकेक अक्षर घेऊन बसायचो. आधी वाटलं होतं, ठिपके मारायचे, त्यात काय मोठं? प्रत्यक्षात नाकी नऊ आले. सगळे ठिपके सारखे केले तर अक्षर गोवर आलेलं पोर दिसतं. म्हणून उभ्या दांड्यात मोठे ठिपके, वळणावर मध्यम आणि टोकाला जाता जाता बारीक होत विरून गेलेले. शिरोरेषा सलग ओढायची नाही, तीही ठिपक्यांचीच, पण जरा दाट, म्हणजे सगळी अक्षरं तिला धरून पळतात. फार झुकवलं तर अक्षर तोंडावर आपटतं, कमी झुकवलं तर पाटीच वाकडी लागल्यासारखी वाटते. आणि अनुस्वार! जिथे सगळंच ठिपक्यांचं, तिथे अनुस्वाराने जायचं कुठे? दोन दिवस त्याला घेऊन डोकं धरून बसलो होतो. शेवटी तो भलामोठा करून टाकला, आता वरून सगळ्यांवर देखरेख केल्यासारखा बसतो. ही वर्णमाला मी भिंतीवर वाळत घातली, तर दादा शिडीला म्हणाला, “मुंग्या पळाल्यात भिंतीवर, पावडर टाकायला सांग.” वहिनी, त्याला टोमणा मारायचा होता, पण मला नाव मिळालं! ‘पळत्या मुंग्या’. शेजारच्या छपाईवालीने सगळी अक्षरं संगणकात चढवून दिली आणि तिथेही हेच नाव लिहिलं. आता कळफलक बडवला की मुंग्या पळतात. (हसू नका. ती फक्त कामापुरती येते. काम रोज असतं, त्याला मी काय करणार?)

इथून पुढे मात्र माझं जरा चुकत गेलं. जरा म्हणजे बरंच. आकाश ठेंगणं झालं होतं ना, त्यामुळे दिसेल त्या कामात मी मुंग्या सोडायला लागलो. पहिल्या झटक्यात मुलांच्या डॉक्टरीणबाईंची पाटी केली. मुलांना गंमत वाटावी म्हणून फिकट गुलाबी पाटी आणि त्यावर लालभडक ठिपके. मी माझ्याच पाठीवर थाप मारून घरी आलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः पाटी काखेत मारून दुकानात हजर. आया दारापर्यंत यायच्या, पाटीकडे बघायच्या आणि पोराला पदराखाली घेऊन मागच्या मागे पळायच्या, कारण त्यांना वाटायचं आत साथ आलीय. एका आजीबाईंनी तर म्हणे पाटीकडे बोट दाखवून विचारलं की हे पुरळ चौथ्या दिवशीचं का? दादाने ती पाटी मुकाट्याने पांढरी केली आणि वर भरीव निळी अक्षरं काढली. बाई खूश होऊन गेल्या. दादा शिडीकडे बघून नुसता हसला. बोलला असता तर परवडलं असतं.

त्यानंतर चष्म्याचा डॉक्टर. त्याची पाटी दाराला लागून, अगदी नाकासमोर. आता या अक्षराचा स्वभाव असा आहे की ते लांबून बघावं, जवळ गेलात की ते विसकटतं आणि नुसते ठिपके उरतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. या डॉक्टरमुळेच कळलं. त्याच्याकडे येणारा जो तो दाराशी थबकायचा, डोळे चोळायचा आणि आत जाऊन म्हणायचा की डॉक्टर, सकाळपर्यंत बरं होतं हो, आत्ता तुमच्या दारातच नजर गेली. डॉक्टर आधी खुशीत होता, बघेल त्याला चष्मा. पण मग लोकांनी बाहेर सांगायला सुरुवात केली की ज्याची पाटी इतकी धूसर, तो आपले डोळे काय सुधारणार? डॉक्टरने मला बोलावून पाटीसमोर उभं केलं आणि वाचायला लावलं. मला वाचता आली नाही. मीच लिहिली होती! त्याने मला चष्मा दिला. (तो लागतो म्हणे खरोखरच. आल्यावर बघा, बरा दिसतो मला. छपाईवालीसुद्धा म्हणाली.)

आणि बँक. बँकेचं काय झालं हे सांगताना अजून मला घाम फुटतो. त्यांना आत भिंतीवर लावायला एक फलक हवा होता, ‘कृपया रांगेत उभे राहावे’. मी म्हटलं, झुकलेलं अक्षर म्हणजे रांग पुढे सरकतेय असं वाटेल, लोकांना धीर येईल. छपाईवालीने फलक छापला, बँकेने तो खिडकीच्या बाजूला, जिथे दोरीला पेन बांधलेलं असतं, नेमका तिथे चिकटवला. आता वहिनी, तुम्ही मी सगळे पहिलीत काय करत होतो? ठिपके जोडून अक्षर गिरवत होतो ना? रांगेत उभा असलेला माणूस, समोर ठिपक्यांचं अक्षर, आणि हाताशी पेन! पहिल्या माणसाने ‘कृ’ गिरवला. त्याच्या मागच्याने ‘प’ घेतला. दुपारपर्यंत शहाणीसुरती, पिकल्या केसांची माणसं आपला नंबर आला तरी पुढे जाईनात, कारण त्यांची मात्रा अर्धी राहिली होती. दोघांचं तर ‘र’ कोणाचा यावरून वाजलं. साहेब बाहेर येऊन बघतो तर फलक पूर्ण भरलेला, आणि रांगेतली शेवटची बाई विचारतेय की दुसरं पान कुठे आहे? बँकेने मला फोन करून जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही, तुमच्या बहिणीचा पाय अजून नाजूक आहे.

हे दादाच्या कानावर गेलं. मला वाटलं आता शिडीशी तासभर तरी बोलेल. पण त्याने सावकाश ब्रश धुतले, शिडीसमोर उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, “बघ शिडी, माणसाला अर्धवट अक्षर बघवत नाही. हात शिवशिवतात त्याचे. हे मी पहिल्या दिवसापासून सांगतोय.” वहिनी, खरं सांगतो, त्या वेळी माझा धीर सुटला. कारण त्याचं म्हणणं मला पटलं होतं. मी भिंतीवरची वर्णमाला उतरवून गुंडाळायला घेतली. दातेरी चाक पुसून दादाच्या बाजूला ठेवलं. रडू यायचं तेवढं बाकी होतं.

आणि नेमकी तेव्हा नाटकगृहाची बाई आली! आपल्या रस्त्याच्या टोकाला ते नवीन नाटकगृह होतंय ना, ‘झुंबर’ नावाचं, त्याची मालकीण. आली होती दादाकडे, भरीव अक्षरांसाठी. दर्शनी भिंतीवर हे एवढं मोठं नाव काढायचं होतं. बोलता बोलता तिची नजर माझ्या हातातल्या गुंडाळीवर गेली. ‘ते काय आहे?’ म्हणाली. मी म्हटलं, काही नाही, मुंग्या आहेत. तिने गुंडाळी उलगडली, दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि ओरडलीच की प्रत्येक ठिपक्याच्या जागी एक दिवा लावा! अहो वहिनी, एकच शब्द, तोही भलामोठा, काळ्या भिंतीवर, लांबून बघायचा. माझ्या अक्षराला जे जे सोसत नव्हतं ते सगळं तिने एका झटक्यात बाजूला काढलं. लहान मजकूर नको, जवळून वाचणं नको, दोरीला पेन नको. मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण दादा समोर होता.

दादाने ती वर्णमाला पुन्हा नीट गुंडाळून ठेवली. मग शिडीला म्हणाला, “याला सांग, ज्या दिवशी दिवे लागतील त्या दिवशी मी रस्त्याच्या पार त्या टोकाला उभा राहीन. तिथून मला नाव वाचता आलं तर दुकानात ठिपके राहतील. नाही आलं, तर या मुंग्या पेटीत जातील आणि पुन्हा हा विषय निघणार नाही.” मी शिडीला सांगितलं, कबूल.

मग कामाला जी सुरुवात झाली! काळा पत्रा, त्यावर खडूचे ठिपके, प्रत्येक ठिपक्याला ड्रिलने भोक. दादा या सगळ्याकडे ढुंकूनही बघत नव्हता, निदान तसं दाखवत होता. पण एकदा दुपारी मी चहा घेऊन आलो तर पत्र्यावर मी काढलेला ‘ब’ पुसून कोणीतरी बोटभर डावीकडे घेतला होता. मी दादाकडे पाहिलं. तो शिडीला म्हणत होता, “झु आणि ब यांच्यामधून ट्रक गेला असता.” त्याच्या पँटला खडू लागला होता. मी ‘ब’ तिथेच ठेवला. त्याचं बरोबर होतं हो, सरकवल्यावर तीन अक्षरांचं एक नाव झालं. त्याला माझे ठिपके मान्य नव्हते, पण ते चुकीच्या जागी असलेलेही त्याला बघवत नव्हते.

काल संध्याकाळी उद्घाटन. रस्त्यावर हीऽऽ गर्दी! दादा इस्त्रीचा सदरा घालून पार दुसऱ्या टोकाला, चपला शिवणाऱ्याच्या दुकानाशी जाऊन उभा राहिला. मी नाटकगृहाच्या दारात, शिडी शेजारी. बाईने बटण दाबलं. आणि वहिनी, निम्मे दिवे लागलेच नाहीत! वायरमनने कुठल्याशा जुन्या खोक्यातले दिवे बसवले होते. ‘झु’चं पोट गायब, ‘ब’चा दांडा तुटक, ‘र’ नुसता संशयापुरता. एक तेवढा अनुस्वार ढणढणत होता. संपलं, म्हटलं. मुंग्या पेटीत, आणि दादा पुन्हा कधी माझ्याशी बोलला तर बोलला. मी डोळे मिटून घेतले.

आणि गर्दीच्या वरून, रस्त्याच्या त्या टोकाहून, दादाचा आवाज आला. “झुंऽबऽर!” आख्ख्या रस्त्याने माना वळवल्या. दादा गर्दीतून वाट काढत येत होता आणि त्याने पुन्हा ओरडून सांगितलं, “वाचलं रे! वाचलं!” हे मला म्हणाला, बरं का. शिडी माझ्या शेजारीच उभी होती, तिच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. जवळ आला, वर दिव्यांकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, “निम्मे नाहीत, तरी भरलेलं दिसतंय. रंग लागलाच नाही. बघणाऱ्याने भरून घेतलं.” मग त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा, आणि मी भर रस्त्यात हमसून हमसून रडलो. बाईला वाटलं दिव्यांमुळे रडतोय, ती बिचारी मलाच समजावत बसली.

तर वहिनी, आज मी जगातला सर्वांत सुखी माणूस आहे. ठिपके दुकानात राहिले आणि दादा बोलायला लागला. बहिणीला नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा नमस्कार. स्वतःला जपा, तिथे सगळी कामं एकटीने अंगावर ओढून घेऊ नका.

आपला,
धाकटा दीर (ज्याच्याशी आता घरातली माणसं थेट बोलतात)

ता. क. पत्र बंद करणार होतो, पण सकाळी चपलेचा अंगठा शिवायला गेलो होतो. चपला शिवणारा काय म्हणाला ते ऐका. काल दिवे लागले तेव्हा दादाने आधी त्याला विचारलं होतं, “काय दिसतंय?” तो म्हणाला, काही नाही, दिवे दिसतायत. दादाने डोळे बारीक केले, मान इकडून तिकडे केली, एक पाऊल पुढे गेला, एक मागे आला, आणि मग एकदम बोंबलला, “झुंबर!” म्हणजे तिथून कोणालाही काही वाचता येत नव्हतं, वहिनी. दादाला नाव आधीपासून ठाऊक होतं, एवढंच. (आज वायरमनने दिवे बदलले. आता मात्र खरंच वाचता येतं, मी तीन अनोळखी माणसांना उभं करून खात्री केली.) हे मला कळलंय हे मी दादाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. तो खोटं बोलून किती खुशीत आहे, ते तुम्ही बघायला हवं होतं.

आणखी एक. खरं म्हणजे मी हे सगळं पत्र याच्यासाठी लिहायला बसलो आणि वाहवत गेलो. दादाला आता ठिपक्यांचं वेड लागलंय. काल रात्रीच्या जेवणात त्याने ताटात ठिपके काढून दाखवले. चाक त्याच्या हातून सुटत नाही, मलाच शिकवतो की दांडा असा नको, तसा हवा. (बरोबर असतं त्याचं, तोच तर ताप आहे.) आणि आज सकाळी तो आपल्या दुकानावरच्या पाटीला टेप लावून मापं घेत होता. म्हणाला, ही जुनी झाली, आता हीसुद्धा तुझ्या मुंग्यांत करू. वहिनी, ती पाटी! दादाने दुकान टाकलं तेव्हा स्वतःच्या हाताने काढलेली, भरीव, उभी, भिंतीसारखी अक्षरं. मला खांद्यावर बसवून त्याने त्या जाड अक्षरांवरून माझं बोट फिरवलं होतं. शाळेत जायच्या आधी मी तेवढीच अक्षरं ओळखत होतो. ती पुसलेली मला बघवणार नाही. आणि मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू? आयुष्यभराचं भरीव काम बाजूला ठेवून तो माझ्यासाठी भर रस्त्यात ओरडला. आता मी म्हणालो की दादा, तुझंच अक्षर राहू दे, तर त्याला वाटेल मी उपकार फेडतोय. तुमचा शब्द मात्र तो मोडत नाही. तेव्हा लवकर या. बहिणीचा पाय बरा नसेल तर त्यांनाही पायासकट घेऊन या. आणि आल्या आल्या, मी काही सांगितलंय असं न दाखवता, सहज वर बघून एवढंच म्हणा की ही पाटी मला फार आवडते. तोपर्यंत मी रोज त्याच्या आधी दुकानात जातो आणि पाटीखाली उभा राहतो.